खुर्सीपारचा डिसेंबर : हटरी, कोंबड्या आणि ओव्हनमधली खुरमी

नागपूरहून हावड्याच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, तर पुढचे चार-पाच तास मोबाइल बाजूला ठेवा. भंडारा रोड, गोंदिया, मग सालेकसा-दरेकसाचं जंगल, एक बोगदा, डोंगरगढला टेकडीवरचं बमलेश्वरीचं मंदिर, राजनांदगाव आणि शिवनाथ नदीचा पूल. दुर्ग आलं की उतरायची तयारी करायची. पुढचं भिलाई पॉवर हाऊस स्टेशन आपलं. तिथून ऑटोने थोडं पुढे गेलं की खुर्सीपार.

"कुठे चाललीस?" असं नागपुरात कुणी विचारलं आणि मी "खुर्सीपार" म्हटलं, की समोरचा हमखास "खुर्च्यांचं काय?" असं विचारतो. भिलाई म्हटलं की सगळ्यांना स्टील प्लांट आठवतो, फार तर मैत्री बाग. खुर्सीपार कुठल्याच पर्यटनाच्या यादीत नाही. इथे बघायला जावं असं काही नाही, राहायला जावं असं मात्र पुष्कळ आहे. माझी मावशी इथे राहते. माझं काम लॅपटॉपवरचं, त्यामुळे डिसेंबरमध्ये तीन आठवडे मी तिच्याकडेच मुक्काम ठोकला.

एका गल्लीत पाच भाषा

आधी थोडं या गावाबद्दल सांगते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत युनियनमध्ये पोलाद कारखान्याचा करार झाला. चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ला, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. तुम्ही ज्या रुळांवरून इथवर येता, तसे रूळ याच कारखान्यात तयार होतात. कारखान्यामागे माणसं आली ती चारी दिशांनी. आंध्रातून, ओडिशातून, बिहारमधून आणि आपल्या विदर्भातूनही. आपल्या लोकांसाठी हे काही परकं राज्य नव्हतंच म्हणा. १९५६पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्याआधी नागपूरकर भोसल्यांचा अंमलही छत्तीसगडावर शंभर वर्षांहून जास्त होता. खुर्सीपारमध्ये शिवाजीनगर नावाचा भाग आहे. पाटी हिंदीत असली, तरी नाव वाचून बरं वाटतं.

मावशीच्या गल्लीत उजवीकडे तेलुगू घर, समोर ओडिया, कोपऱ्यावर भोजपुरी बोलणारं कुटुंब आणि मागच्या बाजूला मूळचे छत्तीसगढी. त्यामुळे मावशीच्या कोंबडीला या गल्लीत पाच नावं आहेत. आपण कोंबडी म्हणतो, मागच्या घरातली काकू कुकरी म्हणते, उजवीकडे ती कोडी होते, समोर कुकुडा आणि कोपऱ्यावर सरळ मुर्गी. कोंबडी सगळ्यांच्याच दारात जाते आणि सगळ्यांकडून काही ना काही खाऊन येते.

कतका मा देबे?

इकडे बाजाराला हटरी म्हणतात. जमिनीवर पोतं अंथरून भाजी मांडली की तो झाला पसरा. आपल्या 'पसारा' या शब्दाचा हा शिस्तीतला भाऊ, कारण पसऱ्यावर जुड्या अगदी ओळीत लावलेल्या असतात. डिसेंबरमध्ये त्या बघत नुसतं फिरलं तरी वेळ जातो. लाल भाजी, मेथी, चेच, करमत्ता, कोवळी तिवऱ्याची भाजी, मुनगा म्हणजे आपल्या शेवग्याच्या शेंगा, सेमी म्हणजे वालाच्या शेंगा आणि रखिया म्हणजे कोहळा. हा रखिया किसून उडदाच्या डाळीत कालवतात आणि त्याच्या वड्या उन्हात वाळवतात. थंडीत दर तिसऱ्या छतावर त्या दिसतात.

पहिल्या दिवशी मी नागपुरी हिंदीत भाव विचारला, तर भाजीवाल्या आजीने माझ्याकडे निरखून बघितलं. मावशीने "कतका मा देबे?" म्हणत पाच मिनिटांत निम्मी पिशवी भरली. शेवटी आजी हसून म्हणाली, "ले जा नोनी, ताजा हे," आणि वर मूठभर कोथिंबीर टाकली. या वरच्या मुठीला इकडे पुरौनी म्हणतात. सौदा झाल्यावर पुरौनी मागायची नसते, तिची नुसती वाट पाहायची असते, असं मावशीचं म्हणणं. न मागता मिळते ती पुरौनी, मागून मिळते ती सवलत.

मला नागपुरात घरबसल्या सगळं मागवायची सवय आहे. दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते. ती वाईट नसते, पण ती कोथिंबीरच असते. हटरीत कोथिंबिरीबरोबर बातम्याही येतात. कुणाची सून बाळंतपणाला गेली, कुठल्या गिरणीत दळण जाडसर निघतंय, कनकीचा भाव काय झाला. कनकी म्हणजे तांदळाचा तुकडा, आपली कणी. छत्तीसगड हे भाताचं कोठार, गिरण्या भरपूर, त्यामुळे कनकी सहज आणि स्वस्तात मिळते. मावशीच्या बाजाराच्या यादीत तिचा नंबर पहिला असतो. आधी कोंबड्या, मग माणसं.

मोठी खरेदी असेल तर पॉवर हाऊसचं जवाहर मार्केट आणि सर्कुलर मार्केट आहे. रविवारी सुपेल्यात भरणारा बाजार तर विचारू नका. स्वेटरपासून कढईपर्यंत सगळं रस्त्यावर. मावशीने तिथून बिस्किटांसाठी ॲल्युमिनियमचे दोन ट्रे घेतले, तेही ठोकून, वाकवून, उन्हात धरून बघून. दुकानदार म्हणाला, "अम्मा, ट्रे आहे, जावई नाही."

पण ज्या दुकानाबद्दल मला खरं लिहायचं आहे, ते गल्लीच्या तोंडावरचं किराणा दुकान. तिथे अजून वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांब, मध्ये दोरा. काका एका छोट्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये होते. मोठ्या कारखान्याच्या नोकरीबरोबर क्वार्टर, दवाखाना, शाळा हे सगळं यायचं. वर्कशॉपच्या नोकरीबरोबर फक्त पगार, आणि तोही कधीकधी दोन महिन्यांचा एकदम. त्या महिन्यांत घर चाललं ते या वहीवर. आज दुकानात क्यूआर कोडचा स्टिकर आहे, पण मावशीचं पान चालूच आहे. मी एकदा तिचं बिल फोनवरून भरून टाकायला निघाले, तर तिने माझा हात धरला. "राहू दे. पान बंद झालं तं उद्या लागलं तवा कोण उघडून देईन?"

हिशेबाच्या वहीत कोंबड्या

मावशीकडे अकरा पक्षी आहेत. आठ अंडी देणाऱ्या, दोन म्हाताऱ्या आणि एक कोंबडा. घर स्वतःचं आहे, मागे चार खाटा मावतील एवढं अंगण आणि त्यात काकांनी वर्कशॉपच्या अनुभवाने वेल्डिंग करून बनवलेलं खुराडं. जमिनीपासून दोन फूट उंच, खाली जाळी, वर पत्रा आणि पत्र्यावर उन्हाळ्यासाठी गवताचा थर. इथला मे महिना माणसांनाच सोसत नाही, तिथे कोंबडीचं काय. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते. त्या दिवसांत मावशी पाण्याची भांडी दोनदा बदलते आणि खुराड्याच्या जाळीला ओलं पोतं बांधते.

डिसेंबरमध्ये अडचण वेगळी. कोंबडीला भरपूर अंडी देण्यासाठी साधारण चौदा तास उजेड लागतो. डिसेंबरमध्ये भिलाईत दिवस असतो जेमतेम अकरा तासांचा. म्हणून थंडीत अंडी कमी होतात. त्यात एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यामुळे आज सकाळी आठला दिलं, तर उद्या नऊच्या सुमाराला, परवा आणखी उशिरा, आणि मग एक दिवस सुट्टी. काका हे गणित गंभीरपणे सांगतात. "शिफ्ट फिरते तिची," म्हणतात.

शिफ्टवरून आठवलं. शेजारी एक दादा प्लांटमध्ये आहेत. त्यांची रात्रपाळी रात्री दहा ते सकाळी सहा. ते घरी येऊन डोळा लावतात आणि नेमका तेव्हाच मावशीचा कोंबडा गळा साफ करतो. यावरून मागच्या वर्षी चांगलंच वाजलं होतं. मग तोडगा निघाला. दादांची रात्रपाळी असते त्या आठवड्यात कोंबड्याला सकाळी उशिरापर्यंत अंधाऱ्या डालग्याखाली ठेवायचं. उजेड दिसला नाही की तो बराचसा गप्प असतो. शिवाय दर रात्रपाळीला सहा अंडी, मोफत. आता दादांची बायकोच मावशीला आठवण करते, "उद्यापासून नाइट आहे हं," आणि हसते.

शहरात कोंबड्या पाळायच्या असतील तर या शेजाऱ्यांचा विचार सगळ्यात आधी करावा लागतो. दुसरी गोष्ट स्वच्छता. मावशी रोज खुराडं झाडते, त्यात राख टाकते आणि ते खत समोरच्या ओडिया काकूंच्या वांग्यांना जातं. तिसरी गोष्ट लस. राणीखेत नावाचा रोग आला तर आठवड्यात खुराडं रिकामं होतं. मावशीच्या पहिल्या कोंबड्या तशाच गेल्या. आता ती पिल्लं लहान असतानाच पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून लस देऊन घेते.

गावरान अंड्याबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण अशा लेखांतून गावरान अंडं म्हणजे अमृत असं बरंच लिहिलं जातं. (मी स्वतः पैसे घेऊन लिहिलं आहे, म्हणून सांगते.) कवचाचा तपकिरी रंग कोंबडीच्या जातीवरून ठरतो, पौष्टिकतेवरून नाही. बलकाचा केशरी रंग येतो तो हिरवा पाला आणि मका खाल्ल्याने. नुसती कनकी खाणाऱ्या कोंबडीचा बलक फिकाच असतो, मग ती कितीही गावरान असो. मावशीच्या अंड्यांचा बलक झेंडूसारखा आहे, कारण हटरीतून येताना ती लाल भाजीची आणि मुळ्याची टाकून दिलेली पानं उचलून आणते. चवीत फरक आहे का? मला तरी वाटतो. पण त्यात अंडं दीड तासापूर्वीचं असण्याचा वाटा मोठा असावा.

ताजं अंडं ओळखायचं असेल तर भांड्यात पाणी घ्या. आडवं तळाशी बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण चालण्यासारखं, तरंगलं तर टाकून द्या. कवचाला बारीक छिद्रं असतात. दिवस जातात तसा आतला ओलावा उडतो आणि हवेची पोकळी वाढते, म्हणून ते वर येतं. आणि अंडी धुऊन ठेवू नका, वापरायच्या वेळी धुवा. कवचावर एक नैसर्गिक लेप असतो, तो धुतला की जंतूंना आत जायला वाट मिळते.

चार घरांचा एकच गुरुवार

अंडी रोज विकली जातात, गुरुवार सोडून. डिसेंबरात तर या गल्लीत गुरुवारी अंड्याचं नावही कुणी काढत नाही. आपल्याकडे मार्गशीर्षातले गुरुवार, महालक्ष्मीचं व्रत, कलश, पाच फळं. मला वाटायचं हे खास आपलंच. मागच्या छत्तीसगढी घरात बघितलं तर अगहनचा गुरुवार. अंगणात तांदळाच्या पिठाचा चौक, लक्ष्मीची पावलं. समोर ओडिया घरात माणबसा गुरुवार, तिथेही दारात पांढरी झोटी काढलेली आणि नव्या धानाची पूजा. उजवीकडच्या तेलुगू काकू तर गुरुवारला लक्ष्मीवारम् असंच म्हणतात. त्यांच्या विशाखापट्टणमच्या कनकमहालक्ष्मीच्या देवळात मार्गशीर्षाच्या गुरुवारी मोठी गर्दी असते.

गंमत म्हणजे चौघींचे गुरुवार एकाच वेळी सुरू होत नाहीत. आपला आणि तेलुगू महिना अमावस्येनंतर सुरू होतो, छत्तीसगढी आणि ओडिया महिना पौर्णिमेनंतर, म्हणजे पंधरा दिवस आधीच. त्यामुळे गल्लीत एकूण सहा-सात आठवडे कुणा ना कुणाचा गुरुवार असतोच. प्रसाद खाणाऱ्यांची चंगळ, आणि मावशीच्या टोपलीत अंडी साठत जातात.

त्या साठलेल्या अंड्यांचं शुक्रवारी काय करायचं, यातून ओव्हन आला.

तळायची खुरमी, भाजायची खुरमी

ओव्हन म्हणजे मावसभावाने पुण्यातून पाठवलेला जुना ओटीजी. त्याआधी मावशी जाड कढईत मीठ पसरून, वर जाळी ठेवून केक करायची. ती पद्धत आजही तितकीच चांगली आहे. ओव्हन नाही म्हणून थांबू नका. कढई झाकून मंद आचेवर दहा मिनिटं तापवायची, मग आत भांडं ठेवायचं. कुकर वापरणार असाल तर रबर आणि शिट्टी काढून ठेवा, हे विसरायचं नाही.

सुरुवातीला केक झाले, मग नानकटाई. पण विकायला लागल्यावर मावशीच्या लक्षात आलं की केक कोपऱ्यावरच्या बेकरीत मिळतो आणि तिच्यापेक्षा सुबक मिळतो. तिने खुरमी हाताशी धरली. खुरमी हा छत्तीसगडच्या सणासुदीचा पदार्थ. कणीक, थोडा रवा, गूळ, तीळ, खोबरं घालून घट्ट मळतात, आकार देतात आणि तळतात. आपल्या शंकरपाळ्यांची गुळाची बहीण. मावशीने ती तळायच्या ऐवजी भाजली.

तिचं प्रमाण असं. दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी बारीक रवा, पाऊण वाटी किसलेला गूळ, अर्ध्या वाटीहून किंचित जास्त तूप, पाव वाटी सुकं खोबरं, दोन चमचे भाजलेले तीळ, अर्धा चमचा बेकिंग पावडर, वेलची, चिमूटभर मीठ आणि एक अंडं. अंडं फ्रिजमधलं नको. आधी तूप आणि गूळ फेसायचं, मग अंडं घालून फेटायचं, मग बाकी सगळं. पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. फार मळलं की बिस्किट चिवट होतं. अर्धा तास झाकून ठेवायचं, म्हणजे रवा फुलतो. छोटे गोळे चपटे करून काट्याने दाबायचे आणि १७० अंशांवर अठरा ते वीस मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागतील, घाबरू नका, गार झाल्यावर खुटखुटीत होतात. अंडं चालत नसेल तर दोन-तीन चमचे दूध घाला. शेजारच्या एका घरासाठी मावशी वेगळा ट्रे तसाच करते, आणि तो आधी भाजते.

वास सगळ्या गल्लीत जातो, जाहिरात करावी लागत नाही. किराणा दुकानदाराने स्वतःहून बरणी ठेवायला जागा दिली. अन्न विकायचं म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी हवी. छोट्या विक्रेत्यासाठी तिची वर्षाची फी शंभर रुपये आहे. अर्ज मी लॅपटॉपवरून भरला. 'व्यवसायाचे स्वरूप' या रकान्याशी आल्यावर मावशीला विचारलं, तर म्हणाली, "लिही, घरकाम."

तिच्या वहीतला नोव्हेंबरचा हिशेब मी बघितला. ८५ अंडी, १२ रुपयांप्रमाणे १,०२० रुपये. कनकी आणि कोंडा ४०० रुपये. खुरमी आठ किलो, ३६० रुपये किलोने २,८८०. सामान आणि विजेचे मिळून दीड हजारांच्या आसपास. म्हणजे हातात उरले साधारण दोन हजार. काही फार नाहीत. पण काकांचं ईपीएसचं पेन्शन हजाराच्या थोडंच वर आहे. या योजनेतली किमान रक्कम २०१४मध्ये हजार रुपये ठरली, ती तिथेच आहे. काकांनी वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं घालवली आणि आता अकरा कोंबड्या त्यांच्या पेन्शनपेक्षा जास्त आणतात. हे काका स्वतः सांगतात, हसत सांगतात, पण एकदाच सांगतात.

पुण्याचा फ्लॅट

माझ्या मुक्कामात सगळ्यात जास्त बोलणं झालं ते याच्यावर. मावसभाऊ पुण्यात नोकरीला आहे. चांगला आहे, आईबाबांची काळजी करणारा आहे. त्याचं म्हणणं, घर विकून टाका, इकडे या, दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊ. काकांना रक्तदाब आहे, रात्री काही झालं तर कोण धावणार? यात खोटं काही नाही. मी त्याच्या बाजूनेही बोलून बघितलं.

मावशी त्याला नाही म्हणत नाही. ती फोनवर बारीक बारीक प्रश्न विचारते. तिथे किराणावाल्याकडे वही असते का? बिस्किटं कुठल्या दुकानात ठेवता येतील? कोंबड्या बाल्कनीत चालतील? शेवटच्या प्रश्नाला तो हसला, "आई, सोसायटी आहे ती." फोन ठेवल्यावर मावशी म्हणाली, "तिथं मला समदं भेटन. पन देवाले माझ्याजवळ काय राहीन?"

रात्री काही झालं तर कोण धावणार, याचंही उत्तर मी त्याच आठवड्यात पाहिलं. काकांना चक्कर आली. मावशीने दार उघडून हाक मारली आणि दवाखान्यात घेऊन गेले ते शेजारचे दादा, रात्रपाळीला निघालेले, गणवेशातच. तेलुगू काकू घरात येऊन बसल्या. मीठ जास्त झालं होतं, गोळी चुकली होती, एवढंच. पण म्हणून भावाची काळजी चुकीची ठरत नाही. दादा काही कायम शेजारी राहणार नाहीत. तेही निवृत्तीनंतर बिहारला, आपल्या गावी जाण्याच्या गोष्टी करतात.

भावाने जानेवारीच्या पहिल्या आठवड्याची तिकिटं काढतो म्हणून सांगितलं. निदान फ्लॅट बघून तरी जा. काका तयार झाले. मावशीही हो म्हणाली होती. मी निघायच्या आदल्या दिवशी एक तांबडी कोंबडी खुडूक झाली. खुराड्याच्या कोपऱ्यातून उठेना, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरायची. मावशीने संध्याकाळी टोपलीत भुसा घातला, नऊ अंडी निवडली, एकेक बॅटरीच्या उजेडात धरून पाहिलं आणि तिच्याखाली सरकवली. पिल्लं निघायला एकवीस दिवस लागतात.

मग तिने पुण्याला फोन लावला. "तिकिटं पुढची काढ," म्हणाली. "आत्ता निघणं होत नाही. पिल्लं निघू दे, मग पाहू."